जेम्स वेबचा ओरिजिनल डेटा कोल्हापुरात बसून कसा काढायचा

जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीचे ते रंगीत फोटो आता सगळ्यांनी बघितलेत, कुणी डीपीला लावलेत, कुणी मंडळाच्या देखाव्यात बॅनर करून टांगलेत. पण तो फोटो ज्याच्यावरनं बनवलाय तो मूळ डेटा, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याच्यावर पेपर लिहितात अगदी तोच, आपल्याला राजारामपुरीत घरी बसून फुकट उतरवता येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. परवा एका बीएस्सीच्या पोरानं विचारलं, "दादा, त्यासाठी नासाला मेल करायला लागतो का?" नाही रे बाबा. मेल नको, पैसे नकोत, जो डेटा पब्लिक झालाय त्याला साधं लॉगिन पण लागत नाही. अवघड काम वेगळंच आहे, ते म्हणजे तिथल्या ढिगातनं नेमकं काय मागायचं ते कळणं, आणि बहुतेक लोक तिथंच कंटाळून सोडून देतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

हा डेटा जिथं ठेवलाय त्याला मास्ट म्हणतात, मिकुल्स्की अर्काइव्ह फॉर स्पेस टेलिस्कोप्स. बार्बरा मिकुल्स्की या अमेरिकेच्या तेव्हाच्या सिनेटर, हबलच्या पैशासाठी त्या वर्षानुवर्षं भांडल्या, २०१२ मध्ये त्यांचं नाव या अर्काइव्हला दिलं. चालवते बाल्टिमोरची स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट. यात वेब आहे, १९९० पासूनचा हबल आहे, केपलर, टेस, अल्ट्राव्हायोलेटवाला गॅलेक्स असं बरंच काही आहे. एक्स-रे बघायचा असेल, म्हणजे आपल्या चंद्रशेखरांच्या नावाची चंद्रा दुर्बीण वगैरे, तर त्याची अर्काइव्ह वेगळी, ती इथं शोधत बसू नका.

वेबचा डेटा तिथपर्यंत पोचतो कसा ते थोडक्यात. दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर. फोटो आधी तिच्या आतल्या रेकॉर्डरमध्ये साठतात, मग कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा इथल्या मोठ्या अँटेना तो डेटा उतरवून घेतात. स्पीड जास्तीत जास्त २८ एमबीपीएस. हो, बरोबर वाचलंत, घरोघरी आता याच्यापेक्षा जास्त स्पीडचं फायबर असतंय राव, आणि तिकडं अख्खं विश्व त्या पाइपमधनं येतंय. तरी दिवसाला ५७ जीबीच्या आसपास खाली येतो. बाल्टिमोरला पोचला की त्याच्यावर आपोआप प्रक्रिया होते आणि तो मास्टमध्ये जाऊन बसतो.

आता अर्काइव्ह म्हणजे नक्की काय ते कोल्हापूरकराला सांगायला फार लांब जायला नको. आपल्या पुराभिलेखागारात संस्थानच्या काळातले मोडी कागद रुमालात बांधून ठेवलेत. तिथं जाऊन "शाहू महाराजांचं काहीतरी द्या" म्हटलं तर कुणी काही देणार नाही, कुठलं खातं, कुठलं साल, कुठला रुमाल ते सांगावं लागतं. मास्टचं तसंच. "ब्लॅक होलचे फोटो द्या" असं तिथं चालत नाही. कुठली वस्तू, कुठली दुर्बीण, कुठलं उपकरण, कुठला फिल्टर (म्हणजे ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारी काच), आणि प्रक्रियेच्या कुठल्या टप्प्यावरची फाइल, एवढं सांगता आलं की काम झालं.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. १२ जुलै २०२२ ला वेबचे पहिले फोटो आले त्यातला तो तपकिरी डोंगरकड्यासारखा दिसणारा, कॅरिना तेजोमेघाच्या (वायू-धुळीच्या प्रचंड ढगाच्या) कडेचा, एनजीसी ३३२४. हा काय आपल्याला अगदीच परका नाही. कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला, तो आकाशात ५८.६ अंश दक्षिणेला, ९० मधनं दोन्ही वजा केले तर आपल्याकडनं तो दक्षिण क्षितिजाच्या वर जेमतेम पंधरा अंश चढतो, फेब्रुवारी संपता संपता मध्यरात्री, एप्रिलमध्ये रात्री नऊ-साडेनऊला. गावातल्या लाइटमध्ये काय दिसणार नाही म्हणा, पन्हाळ्यावर वगैरे जाऊन दक्षिणेकडं मोकळं बघायला मिळालं तर त्या बाजूची तारकांची गर्दी तरी दिसते. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडं आकाश नावाची गोष्टच नसते, तेव्हा अर्काइव्हइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

मास्टच्या पोर्टलवर वरती सर्चचा डबा आहे, त्यात एनजीसी ३३२४ टाकलं की पोर्टल ते नाव स्वतःच आकाशातल्या पत्त्यात बदलतं. तो पत्ता म्हणजे विषुवांश आणि क्रांती, आकाशातले रेखांश-अक्षांशच म्हणा, तिथं आरए आणि डेक असं लिहिलेलं असतं. पत्ता हातानं टाकायचा असेल तर एक भानगड आहे. पुस्तकात विषुवांश तास-मिनिटात असतो, इथं नुसता आकडा टाकला तर तो अंश समजला जातो. एक तास म्हणजे १५ अंश. या तेजोमेघाचा विषुवांश १० तास ३७ मिनिटं, म्हणजे १५९ अंशाच्या थोडं पुढं. १०.६ असं टाकलंत तर आकाशाच्या भलत्याच भागातला डेटा येईल, आणि येईल हं, रिकामं पान येणार नाही, त्यामुळं चुकलंय हे कळणारही नाही. नावाबरोबर त्रिज्या पण देता येते. ०.२ अंश म्हटलं तर काही वाटत नाही, पण पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, ०.२ ची त्रिज्या म्हणजे ०.४ अंश रुंद, जवळपास चंद्राएवढी, दुर्बिणीच्या मानानं ही जागा लई मोठी आहे आणि त्यात हबल, टेस, गॅलेक्स सगळ्यांचं मिळून भरमसाट काहीतरी येतं.

मग डाव्या बाजूच्या फिल्टरनं (हे यादी गाळायचे पर्याय, दुर्बिणीतले फिल्टर नव्हेत) ते कमी करत आणायचं. मिशन जेडब्ल्यूएसटी म्हणजे वेब, उपकरण निरकॅम म्हणजे तिचा इन्फ्रारेड कॅमेरा. आणि एक नंबर माहीत असेल तर बाकी काही करावंच लागत नाही, तो म्हणजे प्रपोजल आयडी. दुर्बिणीचं प्रत्येक निरीक्षण कुणाच्या तरी मंजूर अर्जावर झालेलं असतं आणि त्या अर्जाचा नंबर डेटाला कायमचा चिकटतो. कॅरिनाच्या या फोटोचा २७३१, स्टीफन्स क्विंटेटचा २७३२, सदर्न रिंगचा २७३३, त्या खोल आकाशाच्या पहिल्या फोटोचा २७३६. वेबच्या कुठल्याही अधिकृत फोटोखाली किंवा पेपरमध्ये हा नंबर बहुतेक वेळा सापडतो, आधी तो शोधा, अर्धा तास वाचतो.

यादीत दोन गोष्टी लोकांना गोंधळात टाकतात. एक, काही ओळींची कॅलिब्रेशन लेव्हल, म्हणजे डेटावर किती प्रक्रिया झालीय तो आकडा, उणे एक दाखवते. त्या ओळी म्हणजे अजून घेतलेलीच नाहीत अशी निरीक्षणं, नुसती ठरलेली. त्यावर क्लिक करत बसून उपयोग नाही. दुसरं म्हणजे कुलूप. ज्यांनी अर्ज केला त्यांना डेटावर काही काळ पहिला हक्क असतो, वेबच्या बाबतीत सहसा बारा महिने, हबलच्या बाबतीत सहा. मोठ्या प्रोग्रॅमना बऱ्याचदा हा काळ शून्य असतो, म्हणजे डेटा आला की सगळ्यांना एकदम खुला. हे बरोबर का चूक यावर खगोलवाल्यांत कायम वाद चालतात. माझं विचाराल तर वर्षभराचा हक्क ठीक आहे. दोन वर्षं खपून अर्ज लिहिणारी एखादी पीएचडीची पोरगी असते, तिचा डेटा आल्या आल्या चार मोठ्या ग्रुपनी उचलून आधी पेपर टाकला तर तिनं काय करायचं? आपल्याला काय, आपण वर्षभर थांबू शकतो, तेजोमेघ कुठं पळून चाललाय.

आता खरा विषय, आणि इथंच विषय हार्ड होतो. एका निरीक्षणावर क्लिक केलं की त्याच्याखाली फाइलींची रांग लागते, कधी शेकड्यानं. कारण निरकॅममध्ये एक नाही तर दहा डिटेक्टर (प्रकाश टिपणाऱ्या चिप) आहेत, प्रत्येक २०४८ बाय २०४८ पिक्सेलचा, आठ कमी तरंगलांबीसाठी आणि दोन जास्तीसाठी. प्रत्येक डिटेक्टरची, प्रत्येक एक्स्पोजरची, प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्याची फाइल वेगळी. बिचकून जाऊ नका, फाइलचं नाव वाचायला शिका, सगळं त्यातच लिहिलंय. सुरुवातीला जेडब्ल्यू, मग पाच आकडी प्रपोजल नंबर ०२७३१, मग कितवं निरीक्षण, कितवी व्हिजिट, पुढं कितवं एक्स्पोजर, मग एनआरसीए१ असं काही तरी म्हणजे डिटेक्टर, आणि सगळ्यात शेवटी एक छोटं शेपूट. त्या शेपटाकडंच बघायचं.

शेपूट अनकॅल असेल तर तो अगदी कच्चा माल. वेबचे डिटेक्टर आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यागत एकदा शटर उघडून एकच फोटो देत नाहीत. एक्स्पोजर चालू असताना पिक्सेल न पुसता त्याच्यावर जमलेला चार्ज परत परत वाचतात. म्हणजे एका पिक्सेलसाठी एक आकडा न मिळता चढत जाणारे बरेच आकडे मिळतात. ही चढण किती तीव्र ते काढलं की दर सेकंदाला किती प्रकाश आला ते कळतं. असा उपद्व्याप का, तर अवकाशात कॉस्मिक किरणांचा मारा सतत चालू असतो, एखादा कण पिक्सेलवर आपटला की चढत्या रेषेत मध्येच एक उडी दिसते, मग ती उडी ओळखून बाजूला काढता येते आणि बाकीची रेष वाचते. एकच आकडा असता तर तो अख्खा पिक्सेल वाया गेला असता. ही चढण काढून झालेली फाइल म्हणजे रेट. मग डिटेक्टरच्या स्वतःच्या खोडी दुरुस्त करून, आकड्यांना खऱ्या तेजस्वितेच्या एककात आणून, आकाशातला पत्ता जोडून जी होते ती कॅल. आणि सगळ्या डिटेक्टरचे, सगळ्या एक्स्पोजरचे तुकडे एकावर एक बरोब्बर बसवून एका फिल्टरचा जो अखंड नकाशा होतो त्याचं शेपूट आय२डी.

पहिल्यांदा करणाऱ्यानं फक्त आय२डी उचलायची. बास. कच्च्या मालाचा मोह भल्याभल्यांना होतो, "मी सगळं पहिल्यापासून करणार" म्हणून अनकॅलच्या पन्नास-साठ फाइली उतरवायच्या आणि मग लॅपटॉपनं मान टाकली की त्या डिलीट करायच्या, हे होणारच असतं. पोर्टलवर मिनिमम रेकमेंडेड प्रॉडक्ट्स अशी एक टिक आहे, ती केली तरी निम्मा कचरा जातो. हबलचं असेल तर शेपटं वेगळी आहेत, तिथं जुळवलेल्या फाइलीला डीआरझेड किंवा डीआरसी म्हणतात, कच्च्याला सरळ रॉ.

फिल्टरची नावं पण एकदा समजून घ्या म्हणजे पाठ करायला लागत नाहीत. एफ४४४डब्ल्यू म्हणजे ४.४४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा रुंद पट्टा, डब्ल्यू वाइडचा. एफ१८७एन म्हणजे १.८७ मायक्रॉनचा अरुंद पट्टा, तापलेल्या हायड्रोजनच्या एका ठरावीक रेषेसाठी. हबलमध्ये मात्र एफ८१४डब्ल्यू म्हणजे ८१४ नॅनोमीटर. आकडा तीनच अंकी पण एकक वेगळं, ध्यानात ठेवा.

डाउनलोडबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. बास्केटमध्ये टाका, लहान असेल तर झिप घ्या. कॅरिनाच्या आय२डी फाइली जीबीमध्ये आहेत, तिथं ब्राउझरवर भरवसा ठेवू नका, पोर्टल एक स्क्रिप्ट बनवून देतं ती घ्या आणि टर्मिनलमध्ये रात्री लावून झोपा. मध्येच लाइट गेली तर सकाळी स्क्रिप्ट पुन्हा लावायची, आणि शेवटी प्रत्येक फाइलचा साइज यादीतल्या साइजशी ताडून बघायचा, कारण अर्धवट उतरलेली फाइल नावानं पूर्णच दिसते. पायथॉन येत असेल तर ॲस्ट्रोक्वेरी नावाची लायब्ररी आहे, तिच्यातनं शोधणं, गाळणं, उतरवणं सगळं चार-पाच ओळीत होतं आणि एकदा लिहिलं की दुसऱ्या तेजोमेघाला नुसतं नाव बदलायचं.

फाइल उतरली, डबल क्लिक केलं, उघडत नाही. उघडणार नाहीच, ती फिट्स आहे. १९८१ साली ठरलेला फॉरमॅट, आणि अजून जगभरचं खगोलशास्त्र त्याच्यावरच चालतंय. एवढंच काय, व्हॅटिकनच्या ग्रंथालयानं जुन्या हस्तलिखितांचे स्कॅनसुद्धा फिट्समध्ये ठेवलेत, का तर पन्नास वर्षांनी पण वाचता यावेत म्हणून. फाइलच्या डोक्यावर हेडर असतो, साधा मजकूर, प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, कारण पूर्वीच्या पंचकार्डवर ८० अक्षरं मावायची. मोठ्या फाइली उघडू शकणाऱ्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पण त्या ओळी दिसतात. कुठली दुर्बीण, कुठला फिल्टर, किती सेकंदांचं एक्स्पोजर, कुणाचा प्रपोजल, सगळं तिथं. वेळ यूटीसीमध्ये, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. कधी कधी वेळ पाच आकडी दिवसांच्या संख्येत असते, ती १७ नोव्हेंबर १८५८ पासून मोजलेले दिवस, म्हणजे ६०००० दिसलं तर २५ फेब्रुवारी २०२३.

बघायला डीएस९ नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात फाइल उघडली की पहिल्यांदा काळाकुट्ट पडदा, मध्ये दोन-चार ठिपके. फाइल खराब नाही. जेपेगमध्ये उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, इथं प्रत्येक पिक्सेलला ३२ बिटचा दशांश आकडा आहे, सगळ्यात तेजस्वी तारा आणि तेजोमेघाचा अंधूक धूर यांच्यात हजारोपटीचा फरक, आणि पडदा तो फरक सरळ रेषेत दाखवायला जातो. स्केल लिनिअरवरनं लॉग किंवा असिन्हवर करा, वरची-खालची मर्यादा थोडी सरकवा, आणि मग तो कडा हळूहळू वर येतो. नादखुळा! काळ्या-पांढऱ्यात असतो पण.

रंग आपण द्यायचे. वेबच्या त्या अधिकृत फोटोत सहा फिल्टर वापरलेत, ४.४४ मायक्रॉनवाल्याला लाल, सगळ्यात छोट्या ०.९० वाल्याला निळा, बाकीच्यांना मधले रंग. हा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्याला जवळपास दिसतच नाही, म्हणून "खरा रंग" कुठला हा प्रश्नच उरत नाही, पण क्रम मात्र पाळायचा, लांब ते लाल. सुरुवातीला तीनच फिल्टर घ्या, फिट्स लिबरेटर किंवा सिरिलमध्ये उजळवा, जिंपमध्ये एकावर एक ठेवा. ठळक ताऱ्यांच्या मधोमध काळं भोक दिसेल, ते घाबरण्यासारखं नाही, तिथं डिटेक्टर भरून वाहिला म्हणून प्रक्रियेत तो आकडा काढून टाकलाय. अधिकृत फोटोत ती भोकं हातानं बुजवलेली असतात.

एवढं जीबीत पडायचं नसेल तर टेस घ्या. २०१८ च्या एप्रिलमध्ये सोडलेली ही दुर्बीण एका वेळी आकाशाचा २४ बाय ९६ अंशांचा पट्टा साधारण २७ दिवस बघत बसते आणि ताऱ्यांचा उजेड मोजत राहते. एका ताऱ्याच्या लाइट कर्व्हची (वेळेनुसार उजेड कसा बदलला त्या आलेखाची) फाइल काही एमबीची, मोबाइलच्या डेटावर पण उतरते. वास्प-१८ हा तारा टाकून बघा. त्याचा ग्रह साडेबावीस तासांत एक फेरी मारतो आणि ताऱ्यासमोरनं जातो, त्यामुळं दर फेरीला एक टक्क्याच्या आसपास उजेड कमी होतो आणि ती खाच नुसत्या डोळ्यांनी ग्राफवर दिसते, एका सेक्टरमध्ये, म्हणजे त्या २७ दिवसांत, पंचवीसेक वेळा. ग्राफच्या मध्ये मोकळी जागा दिसली तर ती डेटा पाठवायला दुर्बीण पृथ्वीकडं वळली होती तेव्हाची. फाइलमध्ये उजेडाचे दोन रकाने असतात, सॅप आणि पीडीसीसॅप. दुसऱ्यात यंत्राच्या हेलकाव्यांची दुरुस्ती केलेली असते, ग्रह शोधायला तोच घ्यायचा.

"पण शास्त्रज्ञांनी आधीच बघितलेलं आपण परत बघून काय मिळणार" हे हमखास विचारलं जातं. एचआर ८७९९ नावाचा तारा आहे, त्याच्याभोवतीचे ग्रह २००८ मध्ये मोठ्या जमिनीवरच्या दुर्बिणींनी थेट फोटोत पकडले. त्याच्या पुढच्याच वर्षी डेव्हिड लाफ्रेनिएर आणि सहकाऱ्यांनी हबलचा १९९८ चा जुना डेटा अर्काइव्हमधनं काढला, ताऱ्याचा झगमगाट वजा करायची नवीन पद्धत लावली, आणि त्यातला एक ग्रह तिथं होता. दहा-अकरा वर्षं पडून होता. २०११ मध्ये दुसऱ्या एका ग्रुपनं आणखी बारकाईनं बघितलं तर त्याच फोटोंत तीन निघाले. कक्षा मोजायला त्यामुळं एका झटक्यात दहा वर्षं मागची जागा मिळाली, जी पैसे टाकून पण विकत घेता आली नसती. लोकांच्या मदतीनं हबलचे जुने फोटो चाळून त्यात लघुग्रहांच्या १७०१ रेघा सापडल्याचं पण २०२२ मध्ये आलं होतं. त्या रेघा फोटोत मुळात नकोशा होत्या, कुणी दुसरंच काही बघत होतं.

जुना डेटा पण जुना राहत नाही. प्रक्रियेचं सॉफ्टवेअर सुधारलं की अर्काइव्हवाले मागच्या फाइली पुन्हा तयार करतात, नाव तेच, आतले आकडे थोडे वेगळे. त्यामुळं तुमचा ग्राफ मित्राच्या ग्राफशी जुळत नसेल तर भांडायच्या आधी दोघांच्या हेडरमध्ये सॉफ्टवेअरचं व्हर्जन बघा.

आणि आपली घरची दुर्बीण विसरू नका. ॲस्ट्रोसॅट, २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोनं सोडलेली, अल्ट्राव्हायोलेट आणि एक्स-रे एकाच वेळी बघणारी. तिचा डेटा बेंगळुरूजवळ ब्यालालूच्या केंद्रात आहे आणि खुला झालेला डेटा कुणालाही मिळतो, फक्त तिथं आधी नाव नोंदवावं लागतं. पोर्टल मास्टइतकं चकचकीत नाही, हे खरंय. पण अडलात तर मदत करायला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत ॲस्ट्रोसॅटचा खास कक्ष आहे, आणि एक्स-रेच्या फाइलीत चित्र नसतं तर एकेका फोटॉनची नोंद असते, कधी आला आणि किती ऊर्जा घेऊन आला, त्यामुळं त्याची हाताळणी सगळी वेगळी पडते. त्याच्यावर सवडीनं लिहितो.